ऑनलाइन थेरपी: काही महिने वापरल्यावर, आणि ‘थेरपिस्ट बदला’ हे बटण न दाबल्यावर

सुरुवातीलाच सांगून टाकतो: थेरपी अजून चालू आहे आणि मला तिचा उपयोग झालाय. अ‍ॅप मात्र फारसं आवडलेलं नाही.

आठवड्यातून एकदा, 50 मिनिटं, व्हिडिओवर, आणि पहिल्यापासून एकाच थेरपिस्टबरोबर, असा माझा क्रम आहे. चिंतेपायी रात्र रात्र डोळा लागत नसे, म्हणून सुरू केलं. झोप बरीच सुधारली. चिंता गेलेली नाही, पण तिच्यात दिवसच्या दिवस वाया जात नाहीत.

अ‍ॅपचं लवकर उरकतो. वेळ ठरवणं सोपं, पावती लगेच येते, व्हिडिओ अधूनमधून गोठतो, आठवण करून देणारे मेसेज गरजेच्या दुप्पट. ‘तुमच्यासाठी अचूक थेरपिस्ट शोधून देतो’ असा दावा असतो. माझ्या मते ती एक प्रश्नावली आणि ज्यांची वेळ रिकामी आहे त्यांची यादी, एवढंच. पाचपैकी तीन तारे. इतरांचे अनुभव वाचताना मला खटकतं ते हेच, की सगळे अ‍ॅपबद्दलच लिहितात आणि पलीकडच्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

खरं तर सगळं त्या माणसावरच येऊन ठेपतं. ‘स्क्रीनवर कसलं नातं जुळणार?’ ही माझी पहिली शंका होती. ती फेडायला मी थेरपीतल्या नात्यावरचं संशोधन वाचायला घेतलं आणि त्यात गुंतत गेलो. या विषयात एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाचं नाव वारंवार येतं. थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्या जुळण्याचे त्याने 1979 मध्ये तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. आपण सहसा तिसराच धरून बसतो. ‘मला त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं’ म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. पहिले दोन नसतील तर गप्पा छान होतात आणि पुढे काही सरकत नाही.

हे जुळणं मोजणारे अभ्यास ढिगाने आहेत. ख्रिस्टोफ फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये त्यांतले 295 अभ्यास एकत्र केले, रुग्ण 30,000 हून जास्त. नातं आणि रुग्णाला आलेला गुण यांच्यातला सहसंबंध निघाला 0.278 (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). म्हणजे कुणाला किती बरं वाटलं यातल्या फरकाचा जेमतेम 8 टक्के भाग या एका गोष्टीशी जोडता येतो. ऐकायला कमी वाटतं, पण थेरपीत मोजता येणाऱ्या बाकीच्या गोष्टींशेजारी ठेवलं की हा आकडा चांगलाच वजनदार ठरतो. माझ्या कामाचा आकडा पुढचा होता: इंटरनेटवरून दिलेल्या थेरपीचे 23 अभ्यास वेगळे काढले तेव्हा तिथेही सहसंबंध 0.275 निघाला. स्क्रीन मधे आली म्हणून नात्याचं महत्त्व उतरत नाही.

व्हिडिओ थेरपीपुरता त्याच वर्षीचा आणखी एक आढावा आहे. त्यात नातं मोजणारे आकडे प्रत्यक्ष भेटीपेक्षा थोडे कमी होते, पण त्रास कमी होण्यात व्हिडिओ मागे पडला नव्हता. माझाही अनुभव अगदी असाच. काहीतरी कमी असतं हे जाणवत राहतं, आणि तरी काम होतं.

कमी काय असतं? पहिली गोष्ट म्हणजे नजर. माझ्या थेरपिस्ट माझ्या चेहऱ्याकडे बघतात तेव्हा मला त्या खाली बघताना दिसतात, कारण कॅमेरा वर असतो. आणि कॅमेऱ्यात बघून बोलल्या तर त्यांना मी दिसत नाही. त्यात कोपऱ्यातल्या चौकटीत आपलंच तोंड. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सनने 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःला बघत राहणं हे एक आहे. ती चौकट लपवता येते. पहिल्याच दिवशी लपवा. तसं बघायला गेलं तर नजरानजर नसणं हे या धंद्यात नवं नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड रुग्णाला कोचावर आडवं करून त्याच्या मागे बसायचा, आणि दिवसाचे आठ आठ तास लोकांनी टक लावून बघितलेलं आपल्याला सोसत नाही, असं त्याने 1913 मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय!

दुसरी गोष्ट शांतता, आणि ही जास्त बोचते. खोलीत दोन माणसं गप्प बसली तर ती गप्प आहेत हे दोघांनाही कळतं. स्क्रीनवर गप्प बसलं की नेट गेलं असं वाटतं. एकदा वडिलांबद्दल बोलता बोलता माझा आवाज अडकला. मी थांबलो, आणि नेमकं तेव्हाच पलीकडून आलं, “आवाज येतोय ना माझा?” जे वर आलं होतं ते गेलं ते गेलंच. पुढच्या वेळी त्यांनीच तोडगा काढला. मी मुद्दाम गप्प असेन तर तळहात कॅमेऱ्यासमोर धरायचा. हात दिसला नाही तरच त्या विचारणार. तीन-चार सेशननंतर हाताचीही गरज उरली नाही. आवाज उशिरा पोचण्याचाही असाच त्रास आहे. 2014 च्या एका प्रयोगात बोलण्यात 1.2 सेकंदांचा उशीर घातला, तर समोरच्याचं लक्ष नाही, तो तुटक आहे, असं लोकांना वाटायला लागलं. दोष लाइनचा आणि राग माणसावर. तेव्हा हेडफोन चांगले घ्या आणि जमलं तर वायरचं नेट वापरा, यात काटकसर नको.

मिळतं काय, तर बोलणं लवकर सुटतं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये ऑनलाइन संकोच गळून पडण्याबद्दल लिहिलं होतं ते मी पहिल्याच महिन्यात अनुभवलं. प्रत्यक्ष बसून जे सांगायला मला वर्ष लागलं असतं, ते दुसऱ्याच भेटीत बोलून मोकळा झालो. त्याचा उलटा फटका असा की कॉल संपला आणि क्षणात मी एकटा, समोर ऑफिसचा मेल. आता मी सेशननंतरची वीस मिनिटं रिकामी ठेवतो आणि पायात चपला घालून बाहेर पडतो.

आता मुख्य गोष्ट. चिंता आली की मनात काय विचार आला ते लिहायचं, असं काम मला दिलं होतं. मी ते टाळत होतो. एका सेशनला त्या म्हणाल्या, “याही आठवड्यात राहिलं का?” एवढंच. मी म्हटलं, “हो हो, करतो.” आणि तिथून पुढे मी अतिशय सभ्य झालो. त्या म्हणतील त्याला मान डोलवायची, पाच मिनिटं आधी आवरतं घ्यायचं, एकदा तर नेट बरं नाही म्हणून कॅमेराच बंद.

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर थेरपीतल्या अशाच तणावांचा अभ्यास केला. नात्याला तडा दोन तऱ्हांनी जातो, असं ते सांगतात. एकात रुग्ण भिडतो, तक्रार करतो. दुसऱ्यात तो आतल्या आत माघार घेतो, वरवर सगळं गोड. माझा प्रकार दुसरा, आणि स्क्रीनवर तो लपवणं फारच सोपं. त्याच आठवड्यात अ‍ॅपचा मेसेज आला: ‘तुमचा थेरपिस्ट तुम्हाला योग्य वाटतो का? एका क्लिकवर बदला.’ बोट जवळ जवळ पडलंच होतं.

ते पडलं नाही, कारण आधी एक छोटा फॉर्म भरायचा राहिला होता. स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांच्या पद्धतीतला हा फॉर्म प्रत्येक सेशनच्या शेवटी भरायचा असतो. चार प्रश्न: मला ऐकून घेतलं गेलं का, मला हवं त्यावर बोललो का, पद्धत मला मानवते का, आणि एकूण कसं वाटलं. प्रत्येकाला 10, एकूण 40. बरेच जण भीडेखातर भरभरून गुण देतात, म्हणून 36 च्या खाली आलं तरी थेरपिस्टने विचारपूस करावी, असा संकेत आहे. मीही तोवर 39-40 देत होतो. त्या दिवशी पद्धतीपुढे 5 टाकले.

पुढच्या सेशनची सुरुवात तिथूनच झाली.

“पद्धतीला पाच दिलेत तुम्ही. मला बरं वाटलं. काय झालं, सांगाल?”

मी गुळमुळीत काहीतरी बोललो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मी मागे ‘राहिलं का’ म्हणून विचारलं, तेव्हा तपासणी केल्यासारखं वाटलं का?”

“वही न आणलेल्या पोरासारखं वाटलं,” मी म्हणालो, आणि त्यांच्याआधी मलाच हसू आलं.

त्या खुलासे देत बसल्या नाहीत. सूर चुकला हे मान्य केलं, आणि मी बिनसलं की गोड होऊन बाजूला होतो, हे घरी, ऑफिसातही होतं का, असं विचारलं. होतं. सगळीकडेच होतं. लिहिण्याचं काम सुटलं, त्याऐवजी मी फोनवर बोलून ठेवायला लागलो. माझी झोप सुधारायला लागली ती त्यानंतरच्या आठवड्यांत. त्याचं श्रेय त्या एका संवादाला देता येईल असं मी म्हणणार नाही. पण तडा सांधला जाणं आणि रुग्णाला बरं वाटणं यांचा मेळ 11 अभ्यासांच्या एका आढाव्यात दिसलाय, हे नंतर वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

म्हणून त्या बटणावर माझा राग आहे. नातं ताणलं गेलं की अ‍ॅप दाराकडे बोट दाखवतं, आणि माघार घेणाऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं. तसंही थेरपी अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. 669 अभ्यासांच्या 2012 मधल्या आढाव्यात ते साधारण पाचात एक होतं.

तरी ते बटण काढून टाका, असं मी म्हणणार नाही. 80 थेरपिस्ट आणि त्यांच्या 331 रुग्णांवरचा 2007 मधला एक अभ्यास आहे. ज्या थेरपिस्टचं बहुतेकांशी चांगलं जुळतं, त्यांच्या रुग्णांना जास्त गुण येतो. एकाच थेरपिस्टच्या दोन रुग्णांमधल्या फरकाने तेवढं बिघडत नाही, असं त्यात दिसलं. थोडक्यात, समोर कोण आहे याने फरक पडतो, आणि जुळत नसेल तर ते आपल्याच माथी मारून घ्यायचं कारण नाही. माझा हिशेब असा: आधी तोंडावर सांगून बघा. ऐकून घेतलं तर थांबा. उलट तुमच्यावरच ढकललं, तर खुशाल बदला. आणि मर्यादा ओलांडली किंवा तुमची गोष्ट बाहेर फोडली, तर सांगत बसू नका, सरळ निघा, तक्रार करा.

अ‍ॅपमध्ये एक चॅटबॉटही आलाय. दोनदा बोललो. 1966 मध्ये जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा, टाइप करून गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला होता, तेव्हापासून माणसं यंत्राजवळ मन मोकळं करतायत, त्यात लाज नाही. पण या बॉटशी माझं बिनसलंच नाही, तो माझ्या हो ला हो करत राहिला. मला तर नेमकं बिनसण्यावरच काम करायचं होतं.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. ‘ऑनलाइन थेरपी प्रत्यक्ष थेरपीइतकीच गुणकारी’ असं जाहिरातीत दिसलं तर कुठली ऑनलाइन थेरपी ते विचारा. पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या आढाव्यात, 20 अभ्यास आणि 1,418 माणसांत, दोन्हींत जवळपास फरक निघाला नाही, हे खरं. पण तिथली थेरपी म्हणजे मुख्यतः लिखित धडे आणि त्यासोबत थेरपिस्टचं मार्गदर्शन, व्हिडिओवरच्या गप्पा नव्हेत.

घरात दार बंद करायची सोय नसेल, घरातल्याच माणसाची भीती असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. प्रत्यक्ष मदत जवळ हवी. माझ्या थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत मी कुठे बसलोय आणि गरज पडली तर कुणाला फोन करायचा, हे विचारून लिहून घेतलं होतं. अ‍ॅपच्या लांबलचक प्रश्नावलीत हे दोन्ही प्रश्न नव्हते. तुम्हाला कुणी विचारले नाहीत, तर तुम्हीच विषय काढा. आणि कॉल मधेच तुटला तर कोण कुणाला फोन करणार, तेही त्याच वेळी ठरवून घ्या.