बिल भरलं, नोंद तशीच: ब्युरोकडे डिस्प्यूट करावा की वसुलीवाल्यांना पत्र लिहावं?

अमेरिकेत दवाखान्याचं बिल कलेक्शनला (वसुली एजन्सीकडे) गेलं, तुम्ही ते भरून मोकळे झालात, तरी क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर) ती ओळ ठाण मांडून बसली आहे, अशांसाठी हे लिहितोय. न भरलेल्या बिलाचं गणित वेगळं आहे, ते इथे नाही.

नियम बहुतेकांना माहीत असतो. १ जुलै २०२२ पासून इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंनी (हे रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपन्यांनी) भरलेली मेडिकल कलेक्शन्स रिपोर्टवरून काढून टाकली. एप्रिल २०२३ मध्ये मूळ रक्कम ५०० डॉलरच्या आतली असेल तर न भरलेलीही काढली. पण हा काही कायदा नव्हे, तिघांनी आपापसात ठरवलेली गोष्ट आहे. सगळंच मेडिकल कर्ज रिपोर्टबाहेर ठेवणारा केंद्राचा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला खरा, पण त्याच जुलैमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्दही केला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी स्वतःचे कायदे केलेत. तिथे राहत असाल तर आधी तेच बघा. मी टेक्सासचा, त्यामुळे मला ती सोय नव्हती.

आमचं प्रकरण ६१२ डॉलरचं. मुलाचा हात मोडला, रात्री इमर्जन्सीत नेलं. हॉस्पिटलचं बिल आलं, भरलं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचा ग्रुप वेगळा, त्यांचं बिल वेगळं, आणि ते गेलं आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर. बाबांना हे फोनवर समजावताना माझ्या नाकी नऊ आले. आपल्याकडे बिल चुकतं केल्याशिवाय डिस्चार्जचा कागद हातात पडत नाही, त्यामुळे "घरी सोडलं म्हणजे पैसे दिलेच असणार ना" हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. एजन्सीचा फोन आला तेव्हा मी त्याच दिवशी भरून टाकलं. "आता ते आपोआप निघेल," असं पलीकडची बाई म्हणाली. निघालं नाही. वर्षभराने घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा तीनपैकी एका रिपोर्टवर ते दिसलं.

समोर दोन रस्ते होते.

पहिला, ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत. फुकट, दहा मिनिटांचं काम, आणि कायद्याने साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कोणीही हाच आधी करेल, मीही केला. माझं घोडं अडलं ते कारणांच्या यादीत. ठरावीक कारणं, त्यातलंच एक निवडायचं. त्यातल्या त्यात जवळचं होतं 'हे खातं भरलेलं आहे', ते निवडलं. बारा दिवसांनी उत्तर आलं: माहिती पडताळली, बरोबर आहे. बरोबरच होती की! रिपोर्टवर 'भरलेलं, बाकी शून्य' असंच छापलेलं होतं. मी विचारलं भरलंय का, त्यांनी सांगितलं हो, भरलंय. भरलेलं मेडिकल खातं इथे मुळात असायलाच नको, हे माझं खरं म्हणणं, पण त्यासाठी यादीत जागाच नव्हती.

चौकशी केल्यावर मेख कळली. तुमचा डिस्प्यूट ई-ऑस्कर नावाच्या प्रणालीतून एजन्सीकडे जातो, तोही मुख्यतः एका छोट्याशा कोडच्या रूपात. खातं मेडिकल आहे हे ब्युरोला कळतं तेसुद्धा एजन्सीने भरलेल्या कोडवरूनच. आमच्या खात्यावर मूळ धनको (ज्यांचं बिल होतं ते) म्हणून डॉक्टरांच्या ग्रुपची नुसती आद्याक्षरं होती आणि वर्ग मेडिकलचा नव्हताच. म्हणजे २०२२ चा नियम लागू व्हायला ब्युरोकडे काही निमित्तच नव्हतं.

दुसरा रस्ता, थेट एजन्सीला पत्र. हा कटकटीचा आहे, खोटं कशाला सांगू. पत्र एका पानाचं लिहिलं: खाते क्रमांक, पैसे भरल्याची तारीख, हे बिल वैद्यकीय सेवेचं आहे, तुम्ही वर्ग चुकीचा कळवला आहे, तो दुरुस्त करा किंवा नोंद काढून टाका, आणि तसं मला लेखी कळवा. सोबत डॉक्टरांच्या ग्रुपचं मूळ स्टेटमेंट, विम्याचा ईओबी (कोणत्या उपचाराचे विम्याने किती दिले याचा तक्ता) आणि पैसे भरल्याची पावती. पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेल केलं. आठवड्याने पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं, त्यावर सही म्हणून एक वेडीवाकडी रेघ. मग तीन आठवडे काहीच नाही. बायकोने तर टपालाचे पैसे पाण्यात गेल्याचं जाहीर करून टाकलं होतं. आणि मग चार ओळींचं पत्र आलं: नोंद काढण्याची सूचना ब्युरोला दिली आहे.

माझ्या लेखी पारडं झुकलं ते या कागदामुळे. क्रेडिट स्कोर काढण्याच्या पद्धतींपैकी फायको ९ आणि व्हँटेजस्कोरच्या नव्या आवृत्त्या भरलेलं कलेक्शन धरत नाहीत, म्हणून ॲपवर आकडा छान दिसतो. पण घराचं कर्ज देणारे वर्षानुवर्षं फायकोच्या जुन्या आवृत्त्या वापरत आलेत, आणि तिथे भरलेल्या कलेक्शनचेही गुण कापले जातात. एजन्सीचं पत्र हातात असलं की लोन ऑफिसर रॅपिड रीस्कोर, म्हणजे स्कोर तातडीने नव्याने काढून, मागू शकतो. ते आपल्याला थेट मागता येत नाही. उलट, ब्युरोकडचा डिस्प्यूट चालू असेल तर खात्यावर तसा शेरा पडतो, आणि तो पाहून आमचा लोन ऑफिसर अस्वस्थ झाला होता.

ऑनलाइन डिस्प्यूट वाया जातो असं मला म्हणायचं नाही. तुमच्या खात्यावर 'मेडिकल' स्पष्ट लिहिलेलं असूनही ते राहिलं असेल, तर ब्युरोचाच रस्ता सोपा, कदाचित आठवड्यात काम होईल. एजन्सी बंद पडली असेल तर दुसरा इलाजच नाही. फक्त तेव्हा यादीतलं कारण निवडण्यापेक्षा ब्युरोलाही पोस्टानेच लिहा, म्हणजे आपलं म्हणणं आपल्या शब्दांत जातं. दरमहा पैसे घेऊन रिपोर्ट 'साफ' करून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. ते हेच पत्र पाठवतात, तेही छापील.

सुरुवात मात्र तिन्ही रिपोर्ट बघूनच करा. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर आता दर आठवड्याला फुकट मिळतात. त्या खात्यापुढे वर्ग काय लिहिलाय आणि मूळ धनकोचं नाव कसं छापलंय, एवढं वाचलंत की कुठल्या रस्त्याने जायचं ते बहुधा तिथेच कळेल.

आणि ईओबीची प्रत जोडताना कोणते उपचार झाले तो रकाना मार्करने काळा करा. मी विसरलो होतो. पाकीट बंद केल्यावर आठवलं, परत फोडलं आणि नवी झेरॉक्स काढायला लायब्ररीत गेलो.