फायरफॉक्स: रूप बदललं ते ठीक, पण टिक आधी का लावली?

फायरफॉक्स हा ब्राउझर मला मनापासून आवडतो म्हणूनच लिहितेय. २०२१ ला ८९ व्या व्हर्जनमध्ये नवीन रूप आलं, टॅब बटणासारखे सुटे दिसायला लागले, कमी जागा घेणारा कॉम्पॅक्ट पर्याय मेन्यूतून गेला, ठीक आहे, डोळ्यांना सवय होते. खरं मोठं काम २०२२ चं, टोटल कुकी प्रोटेक्शन आपोआप चालू, म्हणजे प्रत्येक साइटच्या कुकीज (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) वेगळ्या डब्यात, एका ठिकाणी मिक्सर बघितला तर तीच कुकी दुसऱ्या साइटवर वाचून मागे लागता येत नाही. हे फार भारी आहे! पण २०२४ च्या जुलैत १२८ व्या व्हर्जनमध्ये जाहिरातींचा परिणाम मोजू द्यायच्या सेटिंगची टिक न विचारता आधीच लावलेली होती, ते अजिबात नाही पटलं. मी सेटिंगमध्ये जाऊन काढली, आईच्या लॅपटॉपवरचीपण.