शेती-संग्रहालयाचं नूतनीकरण: मोठी देणगी, सभासदांची वर्गणी की श्रमदान?

जुन्या शेती-संग्रहालयाची नुसती डागडुजी न करता चांगलं नूतनीकरण करायचं ठरलं, की समितीपुढे बहुतेक वेळा तीन वाटा असतात. मोठा देणगीदार किंवा अनुदान देणारी संस्था गाठून एकरकमी निधी उभारायचा. परिसरातल्या कुटुंबांना सभासद करून घेऊन दरवर्षीच्या वर्गणीवर काम पुढे न्यायचं. नाहीतर पैसा बेताचा धरून हात गोळा करायचे, म्हणजे कुंपण, साफसफाई, अवजारांच्या नोंदी सगळं श्रमदानातून. बैठकीत या तिन्ही गोष्टी ‘लोकसहभाग’ या एकाच नावाखाली येतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. देणगीतून इमारत होते, पण तिच्यात रोज दिवे लावायला माणूस मिळत नाही. श्रमदानातून माणसं मिळतात, पण वीजबिल भरलं जात नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छप्पर गळत नसेल, तर मोठ्या देणगीच्या मागे सगळ्यात शेवटी लागावं.

एकरकमी निधी

याचा फायदा उघड आहे. काम लवकर होतं, एका ठेकेदाराकडून होतं आणि लोकांना दिसतं. नवी वास्तू, स्वच्छतागृहं, चाकाच्या खुर्चीला चढण, आगीची सूचना देणारी यंत्रणा या गोष्टी वर्गणीतून उभ्या करायच्या म्हटल्या तर वर्षानुवर्षं लागतील.

अडचण अशी, की देणगीदाराला नावाची पाटी लावता येईल असंच काम आवडतं. कीटकांच्या सापळ्यावर किंवा विम्याच्या हप्त्यावर कुणी पाटी लावत नाही. इमारत उभी राहिली की तिचा खर्चही उभा राहतो: वीज, स्वच्छता, रखवाली, दुरुस्ती. तो दर महिन्याला येतो आणि देणगी एकदाच आलेली असते.

मोठा निधी नीट कसा वापरावा, याचं माझ्या आवडीचं उदाहरण इंग्लंडमधल्या ससेक्सचं आहे. तिथलं ‘वील्ड अँड डाउनलँड’ हे मोडकळीला आलेली जुनी ग्रामीण घरं उचलून आणून पुन्हा उभी करणारं खुलं संग्रहालय १९७० मध्ये लोकांसाठी उघडलं. त्यांची ‘ग्रिडशेल’ ही ओक लाकडाच्या पट्ट्या वाकवून केलेली प्रसिद्ध इमारत ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून मिळालेल्या निधीच्या मदतीने झाली, पण ती २००२ मध्ये. मधल्या तीसेक वर्षांत वस्तू जमल्या होत्या, सुतारकामाचे जाणकार तयार झाले होते आणि कशाला जागा कमी पडते हे पुरतं कळलं होतं. त्यामुळे वर जुन्या घरांचे लाकडी सांगाडे दुरुस्त करण्याची कार्यशाळा आणि खाली अवजारांचं भांडार अशी, कामाच्या मापाची वास्तू झाली. बऱ्याच ठिकाणी याच्या उलटं होतं. आधी चकचकीत दालन बांधतात आणि मग त्यात काय ठेवायचं यावर बैठका घेतात.

अटींकडेही नीट बघा. “आमच्या घराण्याच्या वस्तू कायम दर्शनी भागातच राहतील” हे वाक्य सही करताना साधं वाटतं. वीस वर्षांनी मांडणी बदलायची वेळ आली की त्याचा फास होतो.

सभासदांची वर्गणी

ही वाट हळू चालते. पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेत फार तर पाट्या बदलून होतात. तरीही तिचं वजन पैशापेक्षा जास्त असतं, कारण सभासदांची यादी हाच लोकांना हे संग्रहालय हवंय याचा लेखी पुरावा असतो. आयकॉम या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मान्य केली. तिच्यात समुदायांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुदानाच्या अर्जातही आता तेच विचारलं जातं, आणि तिथे ‘लोकांचा प्रचंड पाठिंबा आहे’ या वाक्यापेक्षा नूतनीकरण झालेल्या सभासदत्वाचा आकडा जास्त बोलतो. नूतनीकरण झालेल्या हा शब्द मुद्दाम वापरला. नवे सभासद कुठल्याही समारंभात मिळतात; दुसऱ्या वर्षी किती जणांनी आपणहून पैसे भरले ते मोजा.

उत्तर इंग्लंडमधल्या बीमिश संग्रहालयाच्या मित्रमंडळाची स्थापना १९६८ ची. संग्रहालय अधिकृतपणे स्थापन झालं १९७० मध्ये आणि सध्याच्या जागेवर ते लोकांसाठी उघडलं १९७२ मध्ये. म्हणजे दाखवायला काही नव्हतं तेव्हाही पाठीशी माणसं होती.

सभासद योजनेत दोन गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवाव्यात. वर्गणी भरणाऱ्याला मत आहे की नाही? मत असेल तर तो सभासद, नसेल तर तो संग्रहालयाचा मित्र. ही रेघ पुसट ठेवली, की एखाद्या वादाच्या वेळी सगळेच मालक होतात. दुसरी गोष्ट म्हणजे यादी, पावत्या आणि आठवणीचे निरोप सांभाळायला आठवड्यातून काही तास देणारा एक पक्का माणूस. तो नसेल तर योजना दुसऱ्या वर्षीच विरते.

श्रमदान

हे फुकट असतं, असा एक गोड गैरसमज आहे. स्वयंसेवकाला शिकवायला, कामावर लक्ष ठेवायला आणि त्याच्या सुरक्षिततेची सोय करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. पण या वाटेने जे मिळतं ते उरलेल्या दोन वाटांनी कधीच मिळत नाही.

भिंतीवर टांगलेली पाभर बघा. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं ‘पेरणीचे अवजार, लाकूड व लोखंड’. ज्याने पाभर हाकली आहे तो माणूस समोर उभा राहिला की पहिल्यांदा चाड्याकडे, म्हणजे बी सोडायच्या वाटीकडे बघतो, मग फणांमधलं अंतर वितीने मोजतो आणि ती कुठल्या पिकासाठी केली असेल ते सांगतो. नळी कुठे तुंबायची, बी सोडणारी मूठ चुकली की रोपं कशी विरळ-दाट उगवायची, कुठला तुकडा मूळचा आणि कुठला नंतर जोडलेला, हेही त्याच्याकडूनच कळतं. ही माहिती कुठल्याही देणगीतून विकत घेता येत नाही, आणि ती सांगणारी माणसं वयाने मोठी आहेत. श्रमदानाचं पहिलं काम रंगरंगोटीचं ठेवू नका. एक जण आवाज ध्वनिमुद्रित करतोय, दुसरा फोटो काढतोय, तिसरा वहीत नोंदणी क्रमांक टाकतोय, असं तिघांचं टोळकं बसवा.

उत्साही हातांनी नुकसानही होतं. नांगराच्या रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या मुठीवर, वर्षानुवर्षांच्या घामाने चढलेली काळी तकाकी म्हणजे मळ नव्हे. हाताची पकड कुठे होती ते तिच्यावरूनच कळतं. तारेच्या ब्रशने ती तासाभरात जाते. फाळावरची लोहाराची खूण गंजाबरोबर घासली जाते, आणि वर ऑइलपेंटचा हात फिरवला की वस्तू नवी दिसते पण काही सांगेनाशी होते. जवसाचं तेल पाजण्याची हौसही आवरा. ते काळवंडतं आणि धूळ धरून ठेवतं. कोरडा मऊ ब्रश आणि हळू हात, इतक्यावर बरंच भागतं.

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं लक्षण मात्र प्रत्येक स्वयंसेवकाला शिकवून ठेवावं. जुनी भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. भोकाखाली फिकट रंगाचा ताजा भुसा पडलेला दिसला, तर आत अळी जिवंत असण्याची शक्यता धरायची. लहान वस्तू असेल तर ती प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस किंवा उणे १८ ला दोन आठवडे ठेवतात. बैलगाडी काही फ्रीझरमध्ये मावत नाही, तिथे जाणकाराला बोलवावंच लागतं. रंगवलेल्या किंवा वेगवेगळे पदार्थ जोडलेल्या वस्तूंबाबतही आधी विचारलेलं बरं. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की बुरशीला आमंत्रण मिळतं, म्हणून आर्द्रतामापकाचे आकडे रोज टिपणारं कुणीतरी हवं. हे काम शाळकरी मुलंही छान करतात.

चालू शेत दाखवायचं असेल तर हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये कृषी अर्थतज्ज्ञ विल्यम मरे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ‘लिव्हिंग हिस्टरी फार्म्स’मध्ये १८५० च्या शेतावर बैल आणि १९०० च्या शेतावर घोडे जुंपलेले दिसतात. बघणाऱ्याला हा फरक एका नजरेत समजतो. पण जनावराला सुट्टीच्या दिवशीही चारा-पाणी लागतं, आणि रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांवर गोठा चालत नाही. तिथे पगारी माणूसच हवा. शिवाय हात धुण्याची सोय. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या एका फार्मवर भेट देणाऱ्यांमध्ये ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूचा संसर्ग पसरला आणि ९३ जण आजारी पडले. निर्जंतुक जेल ही साबण आणि वाहत्या पाण्याची जागा घेत नाही. मुलांना वासरू कुरवाळायला देणार असाल, तर नळ आधी आणि वासरू नंतर.

श्रमदानाचे तास वहीत लिहून ठेवा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीचा वारसा निधी प्रकल्पातला स्थानिक वाटा मोजताना स्वयंसेवकांचा वेळही धरतो. इतर देणारेही पुष्कळदा विचारतात. हजेरी नसेल तर केलेलं काम कागदावर शून्य.

आणि वस्तूंचं दान

हे तिन्ही वाटांवर आपोआप येतं. नूतनीकरणाची बातमी पसरली की माळ्यावरचं सगळं संग्रहालयाच्या दारात येतं. बीमिशचे पहिले संचालक फ्रँक ॲटकिन्सन यांनी सुरुवातीला निवड न करता जे मिळेल ते घेण्याचं धोरण ठेवलं होतं. त्या वस्तूंनी लष्कराच्या एका जुन्या तळावरच्या बराकी आणि शेड भरल्या. त्यांच्याकडे बराकी होत्या. लहान संग्रहालयाकडे एक गळकी खोली असते आणि तिच्यात आधीच चार सारखे नांगर असतात. काय घेणार, काय नाही, याचं एक पानी धोरण करा आणि प्रत्येक वस्तूबरोबर दानपत्रावर सही घ्या. “ठेवायला देतो” अशा वस्तू मुदत लिहिल्याशिवाय घेऊ नयेत, नाहीतर पुढच्या पिढीतला कुणी ती परत मागायला येतो आणि मधल्या काळात तुम्ही तिच्या दुरुस्तीवर खर्च केलेला असतो.

मग निवड कशी करायची

छप्पर गळत असेल, वायरिंग उघडी असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून एकरकमी निधीकडे जा, पण फक्त तेवढ्याच कामापुरतं. भिजणाऱ्या वस्तू सभासदसंख्या वाढायची वाट बघत नाहीत.

इमारत धड असेल आणि अनुभवी शेतकरी अजून हाताशी असतील, तर पहिलं वर्ष नोंदी आणि आठवणींच्या श्रमदानाला द्या. त्या कामाला आलेल्या कुटुंबांतूनच सभासद मिळतात. आपल्या आजोबांचा आवाज जिथे जपलाय तिथली वर्गणी भरायला फारसं समजवावं लागत नाही. दोनदा सभासदत्व नूतनीकरण झालं की मोठ्या निधीचा अर्ज लिहायला घ्या.

जागेची मालकी वादात असेल तर तिन्ही थांबवा. दुसऱ्याच्या जमिनीवर लोकांच्या पैशाने पक्कं बांधकाम करणं म्हणजे पुढच्या खटल्याची तयारी.

स्वयंसेवक मोजकेच आणि थकलेले असतील तर श्रमदानाचा आग्रह धरू नका. अशा ठिकाणी वर्गणीतून अर्धवेळ का होईना, एक पगारी माणूस नेमणं हीच सगळ्यात मोठी सुधारणा ठरते.

आणि यातलं काहीच सुरू झालेलं नसताना मोठा देणगीदार स्वतःहून दारात आला तर? त्याला परत पाठवू नका. रकमेचा एक भाग कायम निधी म्हणून ठेवून त्याच्या व्याजावर देखभाल करायला तो तयार आहे का, ते विचारा. नसेल तर नव्या दालनाऐवजी भांडाराचे रॅक, नोंदणीचा संगणक आणि दोन वर्षांचा नोंदणी करणाऱ्याचा पगार मागा. पाटी रॅकवरही लावता येते, फक्त ती थोडी लहान लागेल.