"बोर्ड उडालाय" म्हणून पैसे उकळले, रोबो किट घेणाऱ्यांनी सावध रहा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आलेत, बरेच पालक मुलांना रोबो किट घेऊन देतील म्हणून आत्ताच लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे.

पुतणीसाठी अडथळा दिसला की वळणाऱ्या गाडीचं किट घेतलं. त्यात आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रामिंग बोर्डाचा (गाडीचा मेंदूच तो) क्लोन म्हणजे नक्कल (क्लोनबद्दल तक्रार नाही, सगळेच वापरतात), एल२९८एन मोटर ड्रायव्हर म्हणजे मोटरना करंट देणारा बोर्ड, दोन १८६५० साइजचे चार्ज होणारे लिथियम सेल आणि एक यूएसबी केबल. पोरीने सगळं व्यवस्थित जोडलं. गाडी हातात उचलून धरली की चाकं मस्त फिरायची, जमिनीवर ठेवली की जरा सरकून बंद, बोर्डावरचा दिवा विझायचा आणि परत लागायचा. लॅपटॉपला लावलं तर दिवा लागायचा पण पोर्टच्या यादीत काहीच यायचं नाही.

दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाने मल्टीमीटर हातात सुद्धा न घेता सांगितलं, "बोर्ड उडालाय, मुलीने वायर उलटी लावली असणार." पोरगी रडवेली झाली हो, तिने प्रत्येक वायर दोनदोनदा तपासली होती. मग नवीन बोर्डाचे पैसे, वर प्रोग्रामिंग चार्ज, आणि जुना बोर्ड त्यांनी ठेवून घेतला. तिथे त्यांच्या केबलवर आणि त्यांच्या ॲडॅप्टरवर सगळं चाललं, घरी आणलं तर परत तेच.

मग ऑफिसमधले आमचे एक मित्र, इलेक्ट्रॉनिक्सवाले, मीटर घेऊन घरी आले. त्यांनी आधी ती केबल कापली. आत फक्त लाल आणि काळी वायर! डेटाच्या पांढरी आणि हिरवी नाहीतच, म्हणजे ती नुसती चार्जिंगची केबल, बोर्ड कितीही चांगला असला तरी कॉम्प्युटरला कळणार कसा. जुन्या कॅमेऱ्याची केबल लावली तर लगेच आवाज आला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसकट नाव दिसलं, सीएच३४० (क्लोन बोर्डावरची यूएसबीची चिप) चा ड्रायव्हर टाकल्यावर कॉम पोर्ट आला. तरी प्रोग्राम अपलोड होईना, तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीत "ओल्ड बूटलोडर" निवडायचं होतं (बूटलोडर म्हणजे प्रोग्राम आत घेणारं बोर्डातलं छोटं सॉफ्टवेअर), बऱ्याच क्लोन नॅनोला ते लागतं. इथेही कितीतरी लोकांना बोर्ड खराब म्हणून सांगितलं जात असेल.

पण खरी फसवणूक सेलची. वर छापलंय ९८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी, या साइजमध्ये चांगल्या कंपनीचा सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतो, त्यामुळे ९८०० हे धडधडीत खोटं. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हे तीस सुद्धा भरले नाहीत. फुल चार्ज करून मीटर लावला तर नुसते ठेवल्यावर आठ व्होल्टच्या वर, चाकं जमिनीला टेकली की पाचच्या खाली. त्यात एल२९८एन मोटरच्या वाटेचे दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, आणि सेल पाचच्या खाली गेल्यावर बोर्डाला उरतं काय, तो रिसेट होणारच. चांगले सेल टाकले आणि गाडी खोलीभर पळाली, बाकी काही बदललं नाही.

म्हणजे जुना बोर्ड जिवंतच होता. परत मागितला तर "फेकून दिला" म्हणाले. माझं मत, तो पुसून दुसऱ्या कुणाच्या तरी किटमध्ये गेलाय. सेलला वॉरंटी नसते म्हणे, आणि बिल म्हणून कच्ची चिठ्ठी दिलेली. यूपीआयचा स्क्रीनशॉट, कापलेल्या केबलचा फोटो आणि सेलवरच्या आकड्याचा फोटो जोडून १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय.

कुणी बोर्ड उडाला म्हणालं तर तुमच्यासमोर दुसऱ्या केबलवर लावून दाखवायला सांगा, पक्कं बिल घ्या आणि जुना बोर्ड हातात घेतल्याशिवाय निघू नका. असे हलके सेल घरात असतील तर रात्रभर चार्जिंगला अजिबात ठेवू नका, वरचं प्लास्टिकही सोलू नका, लिथियम आहे, आग लागते. आणि पोरांवर खापर फोडू देऊ नका, आमची पोरगी त्यानंतर कितीतरी दिवस वायरला हात लावायला घाबरत होती, त्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.