जुन्या पिकअपला कंपनी पद्धतीचे फॉग लॅम्प: पसरणी घाटातले नऊ महिने

आमची पिकअप 2011 ची. वाईच्या मंडईतून भाजी भरायची आणि सकाळी सातच्या आत पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना पोचवायची, हे तिचं रोजचं काम. म्हणजे पहाटे साडेचारला पसरणी घाट. वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरवर, पाचगणी 1,300 च्या आसपास, आणि ही सगळी चढण बारा-तेरा किलोमीटरांत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या वाटेवर जे असतं त्याला आम्ही धुकं म्हणतो, पण तो अंगावर उतरलेला ढगच असतो.

दिवे बसवायच्या आधीच्या जुलैत एका पहाटे दांडेघर नाक्याच्या अलीकडे डिप्परवरही समोर नुसती पांढरी भिंत दिसायला लागली. काच खाली करून मान बाहेर काढली आणि रस्त्याची पट्टी शोधत चालवत होतो. उजवीकडची पट्टी बघता बघता डावं चाक कधी साईडपट्टीवरून खाली गेलं ते कळलं नाही. गाडी कलली, मागचे टोमॅटोचे क्रेट सरकले. शेवटी चुलतभाऊ खाली उतरला आणि मोबाईलची बॅटरी धरून दोन वळणं पुढे चालत गेला. त्याच्या मागे मी पहिल्या गिअरमध्ये. घरी आल्यावर हे आण्णांना सांगितलं नाही, पण दिवे बसवायचे हे तेव्हाच ठरलं.

आमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला फॉग लॅम्प, म्हणजे बंपरमध्ये खाली बसणारे धुक्याचे दिवे, कंपनीकडूनच यायचे. आमच्या बंपरला त्या जागी काळी प्लॅस्टिकची झाकणं होती. म्हणजे जागा तयार, भोक पाडायची गरज नाही. मी पूर्ण सेट घेतला: काचेचे दोन दिवे, त्यांच्या कडा, ब्रॅकेट, रिलेसह (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंग आणि डॅशबोर्डच्या रिकाम्या खाचेत बसणारं बटण. बल्ब एच-11, प्रत्येकी 55 वॅट. घेताना एकच गोष्ट आवर्जून पाहिली, ती म्हणजे काचेवरचं इंग्रजी बी अक्षर. ते पुढच्या फॉग लॅम्पची खूण. तसाच गोल, तशाच आकाराचा लांब झोताचा दिवाही दुकानात मिळतो आणि पुष्कळ जण तोच बसवून घेतात. फॉग लॅम्पचा उजेड आडवा पसरतो आणि वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट तुटतो. लांब झोताच्या दिव्याला ती कापलेली कड नसते, त्यामुळे उजेड थेट धुक्यावर जातो आणि उलटून डोळ्यांत येतो.

पहिल्यांदा ज्याच्याकडे बसवले त्याने सेटमधलं वायरिंग पिशवीतच ठेवलं. "एवढ्या वायरी कशाला, पार्किंगवर जोड मारतो, अर्ध्या तासात मोकळे व्हाल," म्हणाला. मला घाई होती, मी मान डोलावली. आता हिशेब करा. दोन दिव्यांचे मिळून 110 वॅट, बारा व्होल्टला नऊ अँपियरच्या वर. पार्किंगचे बल्ब पाच-पाच वॅटचे, वायर तेवढ्याच बेताची. पहिल्याच रात्री फ्यूज उडाला. त्याने तो काढून 20 अँपियरचा घातला आणि गाडी परत दिली. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा घातला की आधी वायर जळते. तिसऱ्या दिवशी घाटात प्लॅस्टिक करपल्याचा वास आला. थांबून बघतो तर बटण हात लावू देईना एवढं तापलेलं आणि मागच्या कप्लरची (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा) एक बाजू वितळून पिवळी पडलेली. चढणीवर, पावसात, मागे भरलेली गाडी. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा वाईतल्या एका वयस्कर वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सगळं उपटलं आणि सेटमधलंच वायरिंग नीट ओढलं. बॅटरीच्या प्लसवरून वीतभर अंतरावर 15 चा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला. 87 वरून दोन्ही दिव्यांना. बटण आणि पार्किंगची वायर 86 ला, 85 ला अर्थिंग, म्हणजे चासीला जोडलेली परतीची वायर. आता बटणातून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो, पाव अँपियरसुद्धा नाही. पार्किंग लावल्याशिवाय फॉग लॅम्प लागत नाहीत, त्यामुळे दिवसा चुकून चालू राहून बॅटरी उतरायची भीतीही गेली.

मग त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर 13.9 व्होल्ट, पण डाव्या दिव्यापाशी 12.1. "आर्थिंग गंजलंय," एवढंच बोलून त्यांनी चासीवरचा बोल्ट काढला. खालचा पत्रा तांबूस खवल्यांचा झाला होता. तो पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. परत मीटर: 13.5. बाराच्या वर व्होल्ट असताना एवढ्या फरकाने काय होतंय, असं मला वाटलं होतं. पण हॅलोजनचं तसं नसतं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो. फरक समोरच्या भिंतीवर तिथल्या तिथे दिसला. जुन्या गाडीला दिवे लावणाऱ्यांनी आधी अर्थिंग घासून घ्यावं. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तेच.

दिव्याची दिशा लावणं हा पिकअपचा खास प्रश्न आहे, आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. साधी रीत अशी: सपाट जागेवर भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारायची आणि उजेडाची वरची कड त्या खुणेच्या दहा सेंटीमीटर खाली आणायची. आम्ही तसं केलं, रिकाम्या गाडीवर. दुसऱ्या दिवशी बाराशे किलो माल भरला आणि समोरचे लोक अप्पर-डिप्पर मारायला लागले. कारण सरळ आहे. माल चढला की मागचे पाटे बसतात आणि गाडीचं नाक वर जातं. दोन चाकांत तीन मीटर अंतर धरलं तर मागची बाजू पाच सेंटीमीटर बसताच साडेसात मीटरवर उजेडाची कड साडेबारा सेंटीमीटर वर सरकते. आपण खाली आणलेले दहा सेंटीमीटर त्यातच संपले. मग मंडईतूनच भरलेली गाडी मिस्त्रींकडे नेली आणि त्या वजनावर पुन्हा दिशा लावली. रिकामी असताना उजेड जरा जवळ पडतो, ते चालतं.

खरा पावसाळा यानंतर आला. फॉग लॅम्प लावले की धुकं फाटतं आणि लांबपर्यंत दिसतं, असं समजून कुणी पैसे घालू नयेत. लांबचं काहीच जास्त दिसत नाही. दिसतं ते जवळचं, आणि रुंद. डावीकडची पांढरी पट्टी, तिच्या पलीकडचं गवत, गटाराची कड, कठड्याचा पाया. वळणावर हे आधी कुठेच दिसायचं नाही, कारण हेडलाइट नाकासमोर बघतो आणि घाटाचा रस्ता बाजूला वळतो. दाट धुक्यात मला वीस-पंचवीस मीटर मिळतात. 30 च्या वेगाला गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून थांबेपर्यंत पंधरा-सोळा मीटर सहज लागतात. म्हणजे 30 पर्यंत ठीक. 50 ला हेच अंतर तीस मीटरच्या वर जातं, तिथे दिवा काही करू शकत नाही. मेटगुताडपासून वेण्णा लेकपर्यंत रस्ता चढणीचा वाटत नाही म्हणून लोक पाय दाबतात, आणि धुकं बहुतेक वेळा तिथेच सगळ्यांत दाट असतं.

ऑगस्टमध्ये एका मित्राच्या सांगण्यावरून पांढरे एलईडी बल्ब घालून बघितले. भिंतीवर उजेड डोळे दिपवणारा. घाटात मात्र कापलेली कड गेली, उजेड वर सांडला आणि धुकं दुधासारखं पेटलं. हा दिवा हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या नेमक्या जागेवरून निघत नाही. चार दिवसांत जुने बल्ब परत घातले. पिवळ्या रंगाबद्दलही सगळे विचारतात. पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो हे खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो, म्हणून मी एक महिना पिवळी फिल्म लावली होती. डोळे कमी शिणले हे मान्य, पण उजेडही थोडा कमी झाला. मग काढली.

उजव्या दिव्यात पाणी गेलं, ही एक तक्रार. काचेवर आतून वाफ धरली तर काळजी नको, दहा-पंधरा मिनिटं दिवा चालू ठेवला की जाते. माझ्या दिव्यात तळाला बोटभर पाणी हलताना दिसत होतं. खोलून बघितलं तर बल्बमागचं रबराचं कडं एका जागी दुमडलं होतं, बसवतानाच. सुकवून कडं बदललं, त्यानंतर थेंब नाही. आणि ओढ्याचं पाणी रस्त्यावर असलं तर त्यात शिरण्याआधी दिवे बंद करून दोन मिनिटं थांबतो. तापलेल्या काचेवर गार पाणी बसलं की ती तडकते.

स्वच्छ हवेत मी हे दिवे लावत नाही. ओल्या डांबरावरून त्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर उडतो. गावात तर बटण दाबायचं कारणच नाही.

खर्च: सेट 3,800, पहिली वाया गेलेली मजुरी 400, मिस्त्रींचे 900, रबर आणि किरकोळ 150. एलईडी बल्बचे पैसे बुडाले ते वेगळे. याच्याबरोबर मागच्या फाळक्याला लाल आणि बाजूंना पिवळी चकाकणारी पट्टी नवीन लावली. पुढचे दिवे आपल्याला दाखवतात. मागून येणाऱ्याला आपण दिसायला काहीतरी हवंच. आधीची पट्टी चिखलाने आणि उन्हाने पार मेली होती.

डिसेंबरपासून धुकं खाली उतरलं, कृष्णेच्या काठाने. कारखाने चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. जानेवारीत भुईंजच्या बाजूने पहाटे येताना डाव्या दिव्याच्या कडेला आधी जमिनीवर लोळणारं पाचट दिसलं, मग टायर, मग अंधारात उभी अख्खी ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, काही नाही. मी 30 च्या वेगात होतो म्हणून गाडी थांबली. ट्रॅक्टरवाला बीडकडचा पोरगा, टायर बसला म्हणून उभा होता. "दादा, दिव्याची वायर रस्त्यातच तुटली," म्हणाला. केबिनमध्ये उरलेली लाल पट्टी होती. भावाने ट्रॉलीची फळी फडक्याने पुसली, आम्ही हातभर लांबीचे चार तुकडे चिकटवले, आणि त्याचा दुसरा टायर येईपर्यंत आमची गाडी चारही इंडिकेटर लावून मागे उभी केली. त्या दिवशी भाजी साडेआठला पोचली.