न्यूट्रलमध्ये वाचवलेलं पेट्रोल डिस्कने वसूल केलं

कराड ते चिपळूण, महिन्यातून दोनदा. कुंभार्ली घाट उतरताना मी गाडी न्यूट्रलला टाकायचो आणि ब्रेकवर पाय हलकासा टेकवून खाली यायचो. पेट्रोल वाचतं म्हणून. जानेवारीत 80 च्या वेगात ब्रेक लावला की स्टेअरिंग पिठाच्या चाळणीसारखं हलायला लागलं.

सर्व्हिस सेंटरने न तपासताच निकाल दिला: डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) वाकल्यात, त्यांना दाबणाऱ्या पॅडसकट नव्या टाका, 9,400 रुपये. मी चिडून लेथवाल्याकडे गेलो. दोन डिस्कचं टर्निंग (लेथवर तासून सपाट करणं) 1,200 रुपयांत झालं, गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता, तर "टर्निंग करा, सर्व्हिस सेंटरला टाटा करा" एवढंच लिहिलं असतं.

एप्रिलमध्ये थरथर परत हजर.

या वेळी एका जुन्या मिस्त्रींनी डायल गेज लावला. डिस्क सरळच फिरत होती. मग मायक्रोमीटरने कडेकडेने जाडी मोजली, तर एकाच डिस्कवर 0.02 मिमीचा फरक. म्हटलं, एवढ्याने काय होतंय? ते म्हणाले, पायाला कळतं की नाही? वाकणं वगैरे फार क्वचित; डिस्क तापली की पॅडचा माल तिच्यावर कमीजास्त चिकटतो, तोच उंचवटा पुढे धक्का देत राहतो. "घाट उतरून कुठे थांबता?"

पोफळीला. बायको वडापाव आणायला उतरते आणि मी गाडी चालू ठेवून पाच मिनिटं ब्रेक दाबून बसतो. तापलेल्या डिस्कवर पॅडचा शिक्का उठवायला याहून चांगली सोय नाही.

त्यात न्यूट्रलचा हिशेबही उलटा निघाला. फ्युएल इंजेक्शनची (इंधन संगणकाने मोजून सोडणारी) गाडी गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरत असेल तर इंजिनचं पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जळत राहतं. म्हणजे इतकी वर्षं मी पेट्रोल जाळून ब्रेक घासत होतो!

दुसरं टर्निंग, नवे पॅड. नंतर पॅड डिस्कवर सारखे बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक लावून 60 वरून 20 वर असं दहा वेळा, पूर्ण न थांबता. आता घाटात दुसरा-तिसरा गिअर, ब्रेक लावायचा तो ठामपणे आणि लगेच सोडायचा. सात महिने झाले, स्टेअरिंग गप्प आहे.

राग एकाच गोष्टीचा. डिस्क मुळात 22 मिमी जाडीची, किमान 20 असं तिच्यावरच कोरलंय. दोन टर्निंगनंतर 20.6 उरली. तिसऱ्यांदा लेथ नाही, थेट नवी डिस्क. ते 9,400 पुढे ढकललेत, वाचलेले नाहीत.

पोफळीला आता पहिला गिअर आणि हँडब्रेक. पाय मोकळे झाल्यामुळे वडापाव आणायला मीच उतरतो.