क्लाउड मायनिंग वापरल्यानंतरचा अनुभव: खरी सेवा तोट्यात गेली, खोटी रोज नफा दाखवत राहिली

गेले काही महिने मी क्लाउड मायनिंगच्या दोन सेवा शेजारी-शेजारी चालवल्या. एक परदेशी कंपनीची. तिच्या करारात दर, मुदत, देखभाल खर्च सगळं लिहिलेलं. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून जळगाव, चोपडा, यावल भागात पसरलेलं एक अ‍ॅप. नावं देत नाही, कारण अशा अ‍ॅपचं नाव लक्षात ठेवून उपयोग नसतो. बोभाटा झाला की तेच लोक दुसऱ्या नावाने येतात. बुडाले तरी घर अडणार नाही एवढेच पैसे दोन्हीकडे टाकले, आणि तेही तुलना करायची म्हणूनच. चोपडा तालुक्यातला माझा मावसभाऊ केळीच्या पट्टीतले (माल विकून आलेल्या पैशातले) दोन लाख त्या अ‍ॅपमध्ये घालायला निघाला होता. नुसतं ‘नको’ म्हणून तो ऐकणाऱ्यातला नाही. त्याला आकडे दाखवावे लागतात.

क्लाउड मायनिंग म्हणजे बिटकॉइन काढणारं मशीन आपल्या घरात न ठेवता दुसऱ्याच्या मशीनची ताकद भाड्याने घेणं. ही ताकद टेराहॅशमध्ये मोजतात. कल्पना खोटी नाही. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा घरात तीन-साडेतीन हजार वॅटचं मशीन चोवीस तास कोण चालवेल? त्यामुळे ‘मशीन थंड देशात, कमाई तुमच्या मोबाइलवर’ हे वाक्य आपल्याकडे लगेच पटतं.

आता हिशोब. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, साधारण दर १० मिनिटांनी सापडतो आणि तो शोधणाऱ्याला नवी नाणी मिळतात. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (हे बक्षीस ठरावीक काळाने निम्मं होतं, त्याला हाविंग म्हणतात) एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे साऱ्या जगाला मिळून दिवसाला ४५० च्या आसपास. २०२५ च्या मध्याला नेटवर्कची एकूण ताकद ९०० एक्साहॅशच्या घरात होती (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). एका बिटकॉइनचा तेव्हाचा भाव ९० लाख रुपये धरला तर एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला साडेचार रुपये येतात. अँटमायनर एस१९ प्रो हे मशीन एका टेराहॅशमागे दिवसाला ०.७ युनिट वीज खातं. आठ रुपये युनिट धरलं तरी साडेपाच रुपये विजेतच गेले. नवं एस२१ मशीन ०.४२ युनिटवर भागवतं, तिथे रुपया-सव्वा रुपया उरतो. त्यातूनच मशीनची किंमत, जागा, दुरुस्ती आणि कंपनीचा नफा निघायचा. हे गणित मी मावसभावाला बाजार समितीच्या पावतीमागे लिहून दाखवलं.

परदेशी सेवेने नेमकं असंच वागून दाखवलं. जमा होणारा आकडा रोज वेगळा. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क आपली काठिण्यपातळी, म्हणजे ब्लॉक शोधणं किती अवघड ते, बदलतं. ती वाढली की माझा आकडा खाली यायचा. वीज आणि देखभालीचा खर्च रोज वळता व्हायचा. काही दिवस तर कमाईपेक्षा खर्च जास्त झाला आणि खात्यात शून्य आलं. खर्च सलग कमाईच्या वर राहिला तर करार बंद करायचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे, तेही करारात स्पष्ट लिहिलं आहे. घातलेले पैसे मला परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असं वाटत नाही. त्याच पैशात सरळ बिटकॉइन घेतलं असतं तर आज हातात जास्त उरलं असतं. तरीही हे मायनिंग खरं होतं.

अ‍ॅपचं चित्र याच्या अगदी उलट. पाच हजारांचा प्लॅन, रोज १५० रुपये. नेटवर्कची काठिण्यपातळी वर गेली तरी १५०, बिटकॉइन पडला तरी १५०, रविवारी १५०, दिवाळीतही १५०. वरच्या हिशोबाने रोज १५० रुपये सुटायला शंभरावर टेराहॅशची नवी मशीन लागेल, आणि तसल्या मशीनची किंमत लाखांत असते. पाच हजारांत ती कुणी कशी देईल? स्थिर परतावा हाच या धंद्यातला फसवणुकीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. खऱ्या मायनिंगमध्ये कमाई स्थिर राहूच शकत नाही.

प्लॅनच्या यादीत ‘इथेरियम मायनिंग’ आणि ‘एक्सआरपी मायनिंग’ही होतं. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये कायमचं बंद झालं. एक्सआरपी या क्रिप्टो नाण्याचं तर कधी नव्हतंच; त्याची सगळी १०० अब्ज नाणी सुरुवातीलाच तयार झाली. एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.

पहिल्या आठवड्यात मी काढलेली छोटी रक्कम यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) लगेच आली. ती ज्या वॉलेटवरून (क्रिप्टोच्या खात्यावरून) आली ते मी ट्रॉनस्कॅन या व्यवहार सगळ्यांना उघड दाखवणाऱ्या साइटवर उघडून पाहिलं. ५०, १००, ६० डॉलरच्या छोट्या-छोट्या रकमा वेगवेगळ्या पत्त्यांवरून आत येत होत्या. त्यातलाच काही भाग आणखी छोट्या रकमांत बाहेर जात होता आणि उरलेलं सगळं ठरावीक अंतराने एका पत्त्यावर सरकत होतं. मायनिंग पूलकडून (अनेकांची मशीन एकत्र चालवून कमाई वाटणाऱ्या गटाकडून) आलेला एकही व्यवहार मला सापडला नाही. नव्या माणसांचे पैसे जुन्या माणसांना वाटले जात होते.

मावसभावाचं म्हणणं होतं, “भाऊ, लोकेस्ले रोज पैसा ई ऱ्हायना, मंग खोटं कसं?” (लोकांना रोज पैसा येतोय, मग खोटं कसं?) हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण गावात विश्वास यातूनच पसरतो. ज्याला पैसे मिळाले तो खोटं बोलत नसतो. तो भावकीत सांगतो, शाळेतले गुरुजी सांगतात, पतसंस्थेतला कारकून सांगतो. एजंटही वेळ साधून येतात: केळीची कटाई झाली, कापूस विकला, पट्टी हातात आली की ग्रुपमध्ये ‘डबल बोनस’ सुरू होतो. वर्षभराच्या मेहनतीचे पैसे एकदम हातात येतात तेच त्यांना हवे असतात.

मोठी रक्कम काढायला गेलो तसं अ‍ॅपने आधी किमान मर्यादा वाढवली. मग आणखी चार माणसं जोडा म्हणाले. मग ‘३० टक्के टॅक्स आगाऊ भरा’. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ एप्रिल २०२२ पासून आहे. पण तो आपण थेट सरकारला द्यायचा असतो. कुणा ‘कस्टमर केअर’च्या यूपीआयवर तो भरला जात नाही. खऱ्या नियमाचा आधार घेऊन मागणी केली की सुशिक्षित माणूसही भरून मोकळा होतो. मी भरला नाही. काही दिवसांनी लॉगिन बंद झालं.

हा साचा जुना आहे. आपल्याकडच्या गेनबिटकॉइनमध्ये अमित भारद्वाजने मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के, १८ महिने असं आश्वासन दिलं होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याला अटक केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. एचपीझेड टोकन अ‍ॅपने ५७ हजारांवर तीन महिने रोज ४ हजार कबूल केले आणि पैसे एकदाच दिले, असं ईडीने म्हटलं आहे. एस्टोनियाच्या हॅशफ्लेअरचे दोघे संस्थापक फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयात दोषी असल्याचं कबूल करून बसले. ५० कोटी डॉलरहून जास्त रकमेचे करार विकले होते, आणि तेवढी मशीनच त्यांच्याकडे नव्हती. ग्राहकाला पडद्यावर दिसणारी कमाई बनावट होती.

जे अजून अशा ग्रुपमध्ये आहेत त्यांना कळकळीने सांगतो, कमिशनसाठी नातेवाइकांना जोडू नका. पैसा अडकला की एजंट सापडत नाही. लोक जोडणाऱ्याच्या दारात येतात, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या कायद्याखाली त्यालाही चौकशीला सामोरं जावं लागू शकतं.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच असते. यूपीआयचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची नावं (दर वेळी वेगळं खातं देतात), वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि ग्रुपमधल्या चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. ग्रुप एका रात्रीत उडवला जातो, मग एजंटचा नंबरही मिळत नाही. तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत काढून देतो’ म्हणत फोन येतील. मलाही आला. फी आगाऊ मागत होता आणि मी किती घातले होते ते त्याला नेमकं माहीत होतं.